आत्यानं बंद केलेले खिसे

माझी आत्या दिवसभर फारसं बोलत नसे. त्याला कारण स्वभाव नव्हे, टाचण्या. कापडाला लावायच्या टाचण्या ती ओठांत धरून ठेवायची आणि त्या संपेपर्यंत समोरच्याला "हं" नि "अंहं" एवढंच ऐकायला मिळायचं. त्या दोन आवाजांत ती मापं घ्यायची, चहा मागवायची, भांडायचीसुद्धा. टाचण्या संपल्या की मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला. आतोबा, म्हणजे तिचे यजमान, हळूच मला म्हणायचे, "टाचण्यांची आणखी एक डबी आणून ठेवू का गं?"

आमचं गाव घड्याळांच्या कारखान्याचं. अर्धं गाव त्याच्या भोंग्यावर उठायचं नि त्याच्याच भोंग्यावर जेवायला बसायचं. आतोबा जोडणीच्या दालनात होते. डोळ्याला भिंग लावून नखाहून लहान चाकं जागच्या जागी बसवायची, हे त्यांचं काम. पुढे मीही त्याच दालनात लागले, त्यांच्या मागच्या टेबलावर. आत्या शिवणखोलीत. कामगारांच्या करड्या कोटांचं फाटणं, उसवणं, बटणं तुटणं, सगळं तिच्याकडे.

कोटाचं सगळ्यात आधी काय जातं, तर खिसा. माणूस त्यात काय काय कोंबतो, हात घालून ओढतो, कोपरे उसवतात. त्यामुळे आत्याचं निम्मं आयुष्य लोकांच्या खिशांत गेलं, असं म्हटलं तर चोरीचा आळ येईल, पण खरं तेच आहे. खिडकीच्या कट्ट्यावर तिनं लहान लहान वाट्या मांडून ठेवल्या होत्या. कोट हातात आला की आधी खिसे उलटे करायचे आणि निघेल ते त्याच्या वाटीत ठेवायचं. पेन्सिलीचा तुकडा, अर्धं बिस्कीट, बसचं जुनं तिकीट, नदीतला गुळगुळीत दगड, लेकराचा पडलेला दात. ती कुणाला कधी काही विचारायची नाही. पण भिंगं घासणाऱ्या मुलाच्या आणि काटे रंगवणाऱ्या मुलीच्या खिशांतून एकाच कागदाची दोन फुलं निघाली, तेव्हा त्या दोघांना स्वतःला कळायच्या आधी आत्याला कळलं होतं. तिनं मुलाच्या कोटाला आतून, डावीकडे, एक जादा खिसा शिवून दिला. फूल चुरगळू नये म्हणून. पुढे त्यांचं लग्न झालं आणि त्यांनी पहिलं आमंत्रण शिवणखोलीत आणून दिलं. "मला तर कधीचंच माहीत होतं," आत्या म्हणाली. त्या दिवशी तिच्या तोंडात टाचण्या नव्हत्या, नाहीतर नुसतं "हं" ऐकून दोघं परत गेली असती.

आतोबांचा खिसा ती स्वतः भरायची. त्यांना साखरेचं दुखणं होतं. औषध घेतलं आणि खायला उशीर झाला की साखर एकदम खाली जायची. दरदरून घाम यायचा, हात थरथरायचे, डोळ्यांपुढे अंधारी. तेवढ्यात तोंडात काही गोड पडलं की थोड्या वेळात गाडी रुळावर. नाही पडलं तर काय होईल, ते डॉक्टरांनी आत्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणून रोज सकाळी ती त्यांच्या कोटाच्या वरच्या खिशात संत्र्याच्या दोन गोळ्या टाकायची आणि वरून हातानं थोपटायची. आतोबा तोवर शाळेत जाणाऱ्या मुलासारखे हनुवटी वर करून उभे. मी लहानपणापासून हे बघत आले होते. या दोघांनी एकमेकांना कधी प्रेमाचं काही म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि त्याची गरजही मला कधी वाटली नाही.

आतोबांविषयी एक सांगायला हवं. इतका नियमाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. रस्त्यावर चिटपाखरू नसलं तरी हिरवा दिवा लागेपर्यंत थांबायचे. बागेत "गवतावर चालू नये" असेल, तर उडून गेलेली टोपीसुद्धा माळ्याला विचारून उचलायचे. भित्रे नव्हते. सगळे पाळतात ते आपणही पाळावं, उगाच कुणाला आपल्यामुळे त्रास नको, असा सरळ हिशेब.

एकदा दालनातून बारीक चाकांचा एक ट्रे नाहीसा झाला. मोठी शोधाशोध झाली, सापडेना. संध्याकाळी वरून निरोप आला: तूर्त सगळ्यांच्या कोटांचे वरचे खिसे शिवून बंद करा. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं चारदोन जण पुटपुटले, पण पुटपुटत पुटपुटतच कोट काढून शिवणखोलीत टाकून गेले. आत्यानं खिसे बंद केले ते धावदोऱ्यानं. लांब लांब, सैल टाके. दोऱ्याचं एक टोक मुद्दाम लोंबतं ठेवलेलं, म्हणजे ओढलं की सगळा खिसा एका दमात मोकळा. "तूर्त म्हणालेत ना, मग टाकेही तूर्तचेच," ती मला म्हणाली.

आठवडा झाला नसेल, ट्रे सापडला. कपाटामागे पडला होता. झाडणाऱ्या बाईनं कपाट ओढलं आणि चाकं तशीच्या तशी ट्रेमध्ये. सगळं दालन हसलं, मुकादमही हसला. कपाटालाच शिक्षा करा म्हणून थट्टा झाली. आत्या मात्र उसवायचा निरोप येईल म्हणून वाट बघत बसली. निरोप काही आला नाही. कुणी विचारलंही नाही. दोन खालचे खिसे होतेच की. संत्र्याच्या गोळ्या वरून खाली आल्या, आणि आत्याला थोपटायला वाकावं लागायला लागलं, एवढाच काय तो फरक.

धुऊन धुऊन धावदोरा सुटायला लागला, खिशांची तोंडं उघडायला लागली. तेव्हा निरोप आला, पण वेगळाच. मशीनवर पक्की टीप मारा. आत्यानं पक्की टीप मारली.

त्यानंतर खालचे खिसे कधी गेले, हे मला नीट आठवत नाही, आणि मी कुणाला विचारलं तर त्यालाही आठवत नाही. गंमत बघा, दात पडला तर माणूस जन्मभर लक्षात ठेवतो. आधी एक गेला, उजवा. हात सारखा तिकडे जातो आणि काम रेंगाळतं म्हणे. मग डावा एकटाच कसा दिसतो, म्हणून तोही. आणि वरच्यांना काही समजावून सांगायची गरजच पडली नाही, कारण आम्हीच एकमेकांना समजावत होतो. खिशात धूळ साचते, ती घड्याळात जाते. खिसा मशीनच्या दांड्यात अडकतो. खिशामुळे कोट पोटावर सुटतो. काटे रंगवणारी म्हणाली, "बरंच झालं बाई, नवऱ्याच्या खिशातला कचरा तरी काढावा लागत नाही." तिच्या नवऱ्याच्या खिशात कागदाचं फूल होतं एके काळी, याची तिला आठवण राहिली नव्हती. आत्याला होती. पण तिच्या तोंडात टाचण्या होत्या.

मग नवे कोट आले, मुळातच बिनखिशांचे. सडसडीत, अंगाबरोबर बसणारे. आम्ही आरशात बघून खूश. खरं सांगते, मीसुद्धा. आत्यानं रिकाम्या वाट्या काही दिवस तशाच ठेवल्या, मग त्यांत बटणं भरली.

खिसे गेले म्हणून लोक पिशव्या आणायला लागले, तर पिशव्या आरपार दिसणाऱ्या हव्यात असं ठरलं. मग त्याही आत नकोत. डबा, चष्मा, औषध, सगळं फाटकापाशी फळीवर ठेवायचं, आणि मधेच काही लागलं तर मुकादमाला सांगून, सोबत माणूस घेऊन फाटकापर्यंत यायचं. हात मोकळे लोंबत राहतात ते बरं दिसत नाही, म्हणून व्हरांड्यातून चालताना ते पाठीमागे बांधायचे. शाळेत असताना हाताची घडी, तोंडावर बोट केलंच होतं, त्यामुळे कुणाला जड गेलं नाही. पुढे पुढे तर गावातही लोक तसंच चालायला लागले. संध्याकाळी तळ्याकाठी नव्यानं लग्न ठरलेली जोडपी फिरायची, दोघांचेही हात आपापल्या पाठीमागे. तळ्याची तपासणी करायला दोन साहेब आलेत असं वाटायचं. मला हसू यायचं, आणि घरी येईपर्यंत माझेही हात मागेच असायचे.

एकटे माझे बाबा कुरकुरायचे. आत्याचे ते थोरले भाऊ. जेवताना एकदा म्हणाले, "म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो."

"दादा, कुठली म्हातारी नि कुठला काळ? साधे खिसे तर आहेत," आत्या म्हणाली आणि त्यांना आणखी वाढलं. बाबा निवृत्त झालेले. निवृत्त माणसाला सगळं आधी बरं होतं असंच वाटतं, असं आम्ही धरून चाललो.

पण आत्याच्या मनात गोळ्यांचं होतंच. आता त्या डब्यात जायच्या आणि डबा फाटकावर राहायचा. "अस्वस्थ वाटलं की लगेच मुकादमाला सांगायचं हं," ती रोज बजावायची. आतोबा मान हलवायचे. सांगायचे मात्र कधी नाहीत. आपल्यासाठी एक माणूस काम सोडून फाटकापर्यंत येणार, हे त्यांच्या जिवावर यायचं. त्यापेक्षा ते सकाळी दोन घास जास्त खाऊन निघायचे. मागच्या टेबलावरून मला त्यांच्या मानेवरचा घाम दिसायचा. "आतोबा, सांगू का मी?" असं विचारलं की म्हणायचे, "अगं, उकाडा आहे."

शेवटी आत्यानं तिला येत होतं ते केलं. त्यांच्या कोटाच्या आत, काखेखालच्या शिवणीत, दोन बोटं जातील एवढा चोरखिसा शिवला. टीप अशी, की कोट उलटा केला तरी कळू नये. त्यात दोन गोळ्या टाकल्या आणि काही न बोलता कोट खुंटीला अडकवला.

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. आतोबांनी घरी येऊन कोट काढला आणि आत्याच्या पुढ्यात ठेवला. चोरखिसा नव्हता. त्यांनी स्वतःच कुठेतरी बसून पात्यानं उसवला होता, आणि शिवण पुन्हा घातली होती. जन्मात सुई न धरलेल्या माणसाचे टाके, वाकडेतिकडे, कुठे दोन एकावर एक, कुठे मधेच भोक. गोळ्या त्यांनी मुठीत धरून आणल्या होत्या. त्या विरघळून हाताला चिकटल्या होत्या.

"मी काय चोर आहे?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता.

"चोर असता तर काळजी नव्हती. चोर कसंही करून आपलं सांभाळतात," आत्या म्हणाली.

"सगळे पाळतात ना?"

"सगळ्यांना साखरेचं दुखणं नाही."

"पण मग प्रत्येकाचं काही ना काही निघेल. हिला डोकेदुखी, त्याला दमा. असं कसं चालेल?"

आत्यानं त्यांचा हात ओल्या फडक्यानं पुसला, एकेक बोट वेगळं करून. मग कोट घेऊन बसली आणि त्यांचे वाकडे टाके काढून तिथे सरळ टीप घातली. मला तिचा राग आला होता आणि त्यांचाही. पण त्या दोघांकडे बघून रागावता येत नसे, ही त्यांच्या घरातली मोठी अडचण होती.

व्हायचं ते एके दिवशी दुपारच्या भोंग्याच्या थोडं आधी झालं. आतोबांच्या हातातला चिमटा खाली पडला. चिमटा पडणं म्हणजे त्यांच्यासाठी विशेषच. मी मान वर करते तोवर ते टेबलावर आडवे, चेहरा पांढराफटक, घामानं कोट भिजलेला. मी ओरडले, "गोड काहीतरी द्या! कुणाकडे गोड आहे का?"

सगळं दालन उठून उभं राहिलं. आणि मग मी जे पाहिलं ते मला मरेपर्यंत विसरता येणार नाही. सगळ्यांचे हात एकदम छातीशी गेले. कुणाचे कमरेशी गेले. खिसे होते तिथे. चाचपले, आणि तसेच रिकामे परत आले. आयुष्यात कधी ना कधी त्यांतल्या प्रत्येकाच्या खिशात काहीतरी गोड असायचं. आता माणसांनी भरलेल्या दालनात एका माणसाला द्यायला साखरेचा कण नव्हता.

भिंगं घासणारा, तोच कागदाच्या फुलाचा मुलगा, आता चांगला टक्कल पडलेला, फाटकाकडे धावला. तर रखवालदार त्याला विचारतो, मुकादमाला सांगितलंस का, सोबत माणूस कुठे आहे. मुकादम इकडे आतोबांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला. तो तरी कुठे वाईट होता? तो रडत होता. तेवढ्यात चहा करणाऱ्या बाईच्या कानावर आरडाओरडा गेला. ती कुणाला न विचारता, हात मागे न बांधता, मुठीत साखर घेऊन व्हरांड्यातून पळत आली. निम्मी वाटेत सांडली. उरली ती तिनं आतोबांच्या गालात भरली आणि बोटानं चोळत राहिली.

आत्या पोचली तेव्हा त्यांचे डोळे नुकते उघडले होते. ती त्यांच्याशेजारी जमिनीवर बसली. तोंडातल्या टाचण्या काढायचं तिला भान नव्हतं. "हं?" तिनं विचारलं. "हं," आतोबा म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना रुग्णालयात ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघंच खोलीत होतो. खिडकीतून ऊन येत होतं, आतोबा उशीला टेकून बसले होते. मी सहज विचारलं, खरंच सहज, "आतोबा, खिसे मुळात का बंद केले होते हो?"

"धूळ जाते म्हणून," ते म्हणाले.

"मशीनच्या दांड्यात अडकतात म्हणून ना?" मी म्हणाले.

आत्या म्हणाली, "मला तर नवे कोट आले तेव्हा कापड वाचतं म्हणून सांगितलं होतं."

आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. तिघांची तीन कारणं, आणि तिन्ही नंतर चिकटवलेली. मग आतोबा एकेक शब्द सावकाश उच्चारत म्हणाले, "ट्रे हरवला होता. चाकांचा."

"अगं बाई, हो की!" आत्या म्हणाली.

"आणि तो सापडला होता," मी म्हणाले. "कपाटामागे."

साप कधीच नव्हता, आणि आम्ही इतकी वर्षं भुई धोपटत बसलो होतो. मला संताप आला. पण कुणावर संतापायचं ते कळेना. ज्यांनी निरोप पाठवला ते साहेब केव्हाच कुठे बदलून गेले होते. त्यांच्या जागी आलेल्यांना खिसे असलेला कोट माहीतच नव्हता. कुणी आमच्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. आम्हीच रांगेत उभं राहून कोट काढून दिले होते, आणि माझ्या आत्यानं त्यावर टीप मारली होती.

तिसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "यापुढे घरी असोत नाहीतर बाहेर, खिशात कायम गोळ्या पाहिजेत." आत्या त्यांच्या आधी माझ्याबरोबर घरी येऊन गोळ्या ठेवायला त्यांचे कपडे बाहेर काढायला लागली. मी अंथरूण घालत होते. कपाटातून एक सदरा निघाला, दुसरा निघाला, झोपायचा निघाला, बाहेर जायचा ठेवणीतला निघाला. ती प्रत्येक उलटासुलटा करून बघत होती आणि पलंगावर टाकत होती. कपाट रिकामं झालं तेव्हा ती खाली बसली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"एकालाही खिसा नाही."

मला कळेना. ती म्हणाली, "हे सगळे मीच शिवलेत. घरी, माझ्या मशीनवर. इथे कोण आलं होतं गं मला सांगायला? कुणी निरोप पाठवला होता?" आणि ती रडायला लागली. मी तिला तोवर रडताना पाहिलं नव्हतं. मोठ्या माणसासारखं नाही, हमसून हमसून. "माझ्या हातालाच सवय झाली. मी ह्यांना घरातसुद्धा खिसा ठेवला नाही."

मी तिला जवळ घेतलं. माझ्या अंगावरच्या कपड्यालाही खिसा नव्हता, आणि तो कपडाही तिनंच मला हौसेनं शिवून दिला होता.

आतोबा घरी आले, जेवले, पडले. दुपारी आत्यानं त्यांचा कारखान्याचा कोट मशीनवर घेतला. तिच्याकडे त्या करड्या रंगाचं जादा कापड नव्हतं. जुन्या पडद्याचा निळा तुकडा होता, तो तिनं घेतला. मी म्हटलं, "आत्या, हे लांबून दिसेल."

"दिसू दे," ती म्हणाली. "लपवून एकदा बघितलं ना."

पण कातरी हातात घेऊन ती थांबली. केवढा कापायचा ते तिला आठवेना. आयुष्यभर डोळे मिटून जे केलं, त्याचं माप हातातून गेलं होतं. ती उठली, आतोबांच्या पलंगाशी गेली, निळं कापड त्यांच्या छातीवर पसरलं आणि त्यांचा हात त्यावर सपाट ठेवला. "हलू नका," म्हणाली, आणि खडूनं हाताच्या कडेकडेनं रेघ ओढायला लागली. आतोबांना गुदगुल्या झाल्या. "अगं, एवढा मोठा? यात डबा मावेल."

"मावू दे."

"वाद होईल फाटकावर."

तिनं खडू थांबवला नाही. "तुम्ही घालणार नसाल तर आत्ता सांगा. मी जबरदस्ती करणार नाही. पण तुम्ही परत उसवलात, तर पुन्हा शिवायचं बळ माझ्यात नाही, हेही सांगून ठेवते."

आतोबांचा हात तसाच छातीवर, भोवती पांढरी रेघ. मग ते म्हणाले, "जरा खालून गोल कर. कोपऱ्यात गोळ्या अडकतात."

ते पुन्हा कामावर निघाले तेव्हा आम्ही तिघंही बरोबर निघालो. फाटकापाशी नेहमीसारखी रांग, हात पाठीमागे. निळा खिसा दुरूनच दिसत होता. लोक बघत होते आणि बघितलं नाही असं दाखवत होते. आतोबांच्या मागे मी, माझ्या मागे आत्या. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

रखवालदार नवा होता, ऐन विशीतला. त्यानं खिशाकडे बघितलं. "काका, हे काय आहे?"

"खिसा," आतोबा म्हणाले.

"तो चालत नाही."

"का?"

हिरव्या दिव्यासाठी रिकाम्या रस्त्यावर थांबणाऱ्या त्या माणसानं हा शब्द अशा जागी पहिल्यांदाच उच्चारला असेल. आवाजात भांडण नव्हतं. किती वाजले असं विचारावं, तसं विचारलं.

"म्हणजे... नियम आहे, काका."

"हो, ते मला माहीत आहे. मी स्वतः पाळलाय. पण तो का आहे?"

पोरगा गोंधळला. त्यानं रांगेकडे बघितलं, तुम्ही कुणीतरी सांगा ना, अशा नजरेनं. रांगेतून कुणी म्हणालं, "धूळ..." आणि मधेच थांबलं. भोंगा झाला. एरवी भोंग्याला आत घुसणारी रांग जागची हलली नाही.

"मला माहीत नाही," पोरगा शेवटी म्हणाला. खरं बोलला, याबद्दल मला त्याचं कौतुक वाटलं. "विचारून ठेवतो. आज तुम्ही जा."

"विचार. आणि मलाही सांग," आतोबा म्हणाले. मग त्यांनी खिशात हात घातला, संत्र्याची एक गोळी काढली आणि त्याला दिली. "घे. पहाटेपासून उभा असशील."

त्यानं ती घेतली. कामावर असताना खाता येत नाही, म्हणून नंतरसाठी ठेवायला गेला. त्याचा हात छातीशी गेला, तिथून कमरेशी गेला, मागे गेला. त्याच्याही कोटाला कुठे काही नव्हतं. तो तसाच गोळी मुठीत धरून, फाटकाच्या मधोमध उभा राहिला.

"संध्याकाळी कोट घेऊन ये शिवणखोलीत," आत्या माझ्या खांद्यावरून म्हणाली.

त्यानं मूठ उघडली नाही, पण मान हलवली.